देवाने काय केले म्हणजे मी मानीन?

नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. मी देव मानत नाही, हे आमच्या सिस्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. या विषयावर माझ्याशी शिकल्यासवरल्या लोकांनी पुष्कळ वाद घातले आहेत. पण सर्वांत नेमका प्रश्न विचारला तो भिवापूर तालुक्यातल्या एका शेतकरी आजोबांनी.

त्यांची नात अकरा-बारा वर्षांची. पावसाळ्याच्या शेवटी, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली ही मुलगी पहाटे पोट दुखते म्हणून उठली, तिला उलट्या झाल्या आणि थोड्या वेळाने तिच्या पापण्या आपोआप मिटू लागल्या. अंगावर दाताची खूण कोणाला दिसली नाही. मण्यार बहुधा रात्री, झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा माणूस जागासुद्धा होत नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या यांची सांगड घातली, सर्पदंशाचे इंजेक्शन सुरू केले आणि श्वास मंदावताच घशात नळी घालून, वाटभर हाताने पिशवी दाबत तिला नागपूरला आणवले. घरच्यांनी मांत्रिकाकडे एक तासही घालवला नव्हता. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंशाच्या रुग्णाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. तरी गावागावांत तो तास आजही जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या आणि टॉर्चच्या उजेडाला त्या जराही आकसत नव्हत्या. नळीतून कफ ओढताना खोकल्याची उबळ येत नव्हती, चिमटा घेतला तरी बोटही हलत नव्हते. पाहणाऱ्याला मेंदू मेला असेच वाटावे. नात्यातल्या एका जाणत्या माणसाने "आता काही राहिले नाही" असा निर्वाळा दिला आणि बाहेर घरी न्यायची भाषा सुरू झाली.

मी ठाम नकार दिला. मेंदूमृत्यू ठरवण्याची पद्धत आपल्याकडे 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने बांधून दिलेली आहे : चार डॉक्टरांचे मंडळ, किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तपासणीला हात घालण्याआधीच्या अटी. शरीर थंड पडलेले नसावे, झोपेच्या औषधांचा अंमल नसावा, स्नायू लुळे करणारे काही अंगात नसावे. मण्यारीचे विष नेमके तेच करते. ते मेंदूला धक्का लावत नाही. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचवणारी मज्जातंतूंची टोके ते निकामी करते. माणूस आत जागा असू शकतो, ऐकत असू शकतो आणि पापणीसुद्धा हलवू शकत नाही. आम्ही मेंदूचा विद्युत आलेख काढला, तर त्यात जिवंत मेंदूच्या लहरी स्वच्छ उमटल्या. तिला गुंगीचे औषध सुरू केले आणि खाटेपाशी येणाऱ्या प्रत्येकाने तिचे नाव घेऊन बोलावे, तिच्या डोक्याशी उभे राहून वाईट बोलू नये, अशी सक्त ताकीद दिली. तंतूंची टोके पुन्हा वाढेपर्यंत श्वास यंत्राने द्यायचा, एवढेच आमच्या हाती होते.

शेजारच्या खाटेवर घोणस चावलेला एक मुलगा होता. त्याची किडनी निकामी झाली होती आणि रक्त गोठत नव्हते. दोघांच्याही उशाखाली टेकडीच्या गणपतीचा अंगारा होता. मुलीच्या आजीने आणलेल्या एकाच पुडीतला अर्धा तिने त्या मुलाच्या आईला दिला होता. मुलगा गेला. त्याच दिवशी संध्याकाळी मुलीच्या पायाचा अंगठा हलला, मग भुवई, मग पापणी, आणि पुढच्या आठवड्यात तिची नळी निघाली.

आजोबा गुरुदेव सेवा मंडळातले, रोज सामुदायिक प्रार्थनेला बसणारे. नळी काढली त्या दुपारी त्यांनी मला व्हरांड्यात गाठले. "बाई, सिस्टर म्हंते का तुमी देव मानत नाई. मले राग नाई. पण सांगा, देवानं काय केलं म्हंजे तुमी मानसान?"

मी म्हटले, "बाबाजी, तुमची नात वाचली हे पुरत नाही, कारण ती का वाचली ते मला पायरीपायरीने सांगता येते." घोड्याच्या रक्तापासून इंजेक्शन कसे करतात, 1952 साली कोपनहेगनला पोलिओच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबत लुळ्या पडलेल्या रुग्णांना कसे जगवले आणि त्यातून आमचे विभाग कसे उभे राहिले, हे मी त्यांना सांगितले. अमेरिकेत 1800 वर हृदयरुग्णांवर प्रार्थनेची चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2006 मध्ये आले आणि परक्यांनी केलेल्या प्रार्थनेने शस्त्रक्रियेनंतरचे त्रास कमी झाले नाहीत, हेही सांगितले. "पण तुटलेला हात खांद्यापासून पुन्हा उगवला, आणि असे होणार हे आधी सांगून, चार परक्या डॉक्टरांसमोर झाले, तर मला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागेल. तो मी करीन."

ही पळवाट नव्हती. घटना घडून गेल्यावर तिला अर्थ चिकटवणे सोपे असते; आपली आशा आणि आपली घाई, दोन्ही त्यात शिरतात. म्हणूनच आम्ही मेंदूमृत्यूच्या अटी आधी लिहून ठेवतो. ज्या शिस्तीने मी त्या मुलीला मेलेली म्हणायला नकार दिला, त्याच शिस्तीने मी तिच्या वाचण्याला चमत्कार म्हणायला नकार देते. एकीकडे ती पाळायची आणि दुसरीकडे सोडायची, हे मला जमणार नाही.

आजोबांनी सगळे ऐकून घेतले. "उद्या हात उगवला, तं तुमी म्हनसान, यालेबी काई कारण असन, आमाले अजून समजलं नाई." हा आक्षेप खरा आहे आणि मी त्याचा अजूनही विचार करते. हात उगवल्याने माझे आजचे शरीरशास्त्र चुकीचे ठरेल. त्यामागे कोणी आहे, आणि तो दयाळू आहे, हे त्याने ठरत नाही. तेवढ्यासाठी शेजारच्या खाटेचा हिशेबही लागला पाहिजे. तो मला आजवर कोणी दिलेला नाही, आणि माझी खरी अडचण हात उगवण्यापेक्षा तिथे आहे.

हे मी त्यांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "देव परीक्षेले बसत नाई, बाई." मी म्हटले, "मग नात वाचली हा त्याचा निकालही धरू नये." त्यावर त्यांनी मान हलवली. "तिचा अंगठा हालला त्या सांजेले म्हातारी पेढे वाटाले निघाली होती. मी वाटू देल्ले नाई. त्या पोराची माय तितंच पायऱ्यांवर बसून होती. तिच्यासमोर देव पावला, असं कोन्या तोंडानं म्हनाव?"

मुलीला घरी सोडताना मी नेहमीच्या सूचना दिल्या : खाटेवर झोपायचे, मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचायची, अंधारात टॉर्च घेतल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. आजोबांनी त्या कागदावर लिहून घेतल्या आणि सामुदायिक प्रार्थना झाल्यावर गावाला वाचून दाखवीन म्हणाले. पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्यांनी मलाच बोलावले. मी गेले, प्रार्थना संपेपर्यंत मागे बसले आणि मग मण्यारीबद्दल बोलले.