लायडनमधील क्लुसियस यांची बाग

नेदरलँड्समधील लायडन शहरात रापेनबुर्ख कालव्याच्या काठाने चालत गेले, की विद्यापीठाच्या जुन्या इमारतीमागे वनस्पती उद्यान लागते. 1594 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलुस क्लुसियस यांच्या देखरेखीखाली इथे हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पती लावल्या गेल्या, आणि त्या मांडणीनुसार पुन्हा आखलेले वाफे पाहण्यासाठीच मी एप्रिलमध्ये तिथे गेलो होतो. वाफे अरुंद आणि लांबट आहेत. एकेका जातीची मोजकीच रोपे, त्यांच्यामध्ये मोकळी माती. ट्यूलिपची अफाट शेते पाहून आलेल्या माणसाला ही बाग विरळ वाटेल, पण इथे शोभेपेक्षा प्रत्येक वनस्पती वेगळी ओळखता येणे महत्त्वाचे होते.

इतक्या वनस्पती कुठून आल्या, हे क्लुसियस यांच्या पत्रव्यवहारातून कळते. त्यातली सुमारे दीड हजार पत्रे टिकून आहेत. त्यांना लिहिणाऱ्यांत वैद्य, औषधविक्रेते आणि सरदार होते, तशाच मारी द ब्रिम्यू यांच्यासारख्या, स्वतःच्या बागेत मनापासून रमणाऱ्या स्त्रियाही होत्या. बिया पत्रासोबत सहज जात; कंद मात्र पाने वाळल्यावर, उन्हाळ्यातच खणून पाठवावे लागत, त्यामुळे मागितलेले फूल दिसायला पुढचा वसंत उजाडे. आपल्याकडे शेतातला वानोळा घरोघर जातो आणि रिकामे भांडे परत येत नाही, तशीच ही देवघेव चाले. फुलांत पैसा दिसू लागलेल्या व्यापाऱ्यांमुळे ही रीत मोडेल, याची क्लुसियस यांना वाटणारी खंत मला रास्त वाटते. त्यांच्या बागेतून कंद चोरीलाही गेले होते. एरवी आजच्या बेल्जियममधील मॉन्सचे गव्हर्नर फिलिप द सिव्री यांनी 1588 मध्ये त्यांना, तेव्हा युरोपात दुर्मीळ असलेले, दोन बटाटे पाठवले, ते केवळ स्नेहापोटी.

या जाळ्याचा एक धागा गोव्यापर्यंत जातो. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरचा पोर्तुगीज ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. पोर्तुगालच्या प्रवासात तो क्लुसियस यांच्या हाती पडला आणि 1567 मध्ये त्यांनी त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पमध्ये प्रसिद्ध केला. मुंबई बेट ओर्ता यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते, आणि त्यांच्या ग्रंथात आंब्याचे सविस्तर वर्णन आहे. आंब्याची कोय सुकली की रुजत नाही, त्यामुळे कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासात ती तगणे कठीणच. तगली असती, तरी लायडनच्या थंडीत झाड उघड्यावर जगले नसते. अशा झाडांच्या बाबतीत ओर्ता यांचे शब्द आणि क्लुसियस यांचे लॅटिन, एवढेच युरोपातल्या अभ्यासकांच्या हाती पडत होते.