कुबादाबाद: फरशा कोन्यात, पाया तळ्याकाठी

सेल्जुक या मध्ययुगीन तुर्की घराण्यातल्या सुलतान अलाउद्दीन कैकुबादने १२३६ च्या सुमारास तुर्कस्तानातल्या बेयशेहिर तळ्याच्या नैर्ऋत्य काठावर कुबादाबादचा महाल बांधवला. आधी तिथेच गेलात, तर हिरमोड होईल. जागेवर पाया आणि अर्ध्यामुर्ध्या भिंती उरल्यात, महालाच्या भिंतींवरच्या चित्रांच्या फरशा मात्र कोन्या शहरातल्या कराताय मदरशातल्या (१२५१) संग्रहालयात आहेत. म्हणून पहिला दिवस कोन्याला द्या. अंकाराहून जलद रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येतं.

फरशांची रचना आधी समजून घ्या. आठ टोकांच्या चांदण्या एकमेकींना टेकवल्या की मध्ये क्रूसाच्या आकाराची जागा उरते, आणि तीत फिरोजी फरशी बसते. क्रूसावर काळी वेलबुट्टी असते, तर चांदणीवर मांडी घातलेली माणसं, मोर, ससे, स्त्रीमुखी पक्षी आणि दुतोंडी गरुड दिसतात. काही गरुडांच्या छातीवर 'अस्-सुलतान' लिहिलंय, ते आवर्जून शोधा.

फरशीचं अंग साध्या मातीचं नाही. गारगोटीची भुकटी, काचेची पूड आणि थोडी पांढरी माती मळून ते केलेलं असतं. त्यावर आधी चित्र, मग पारदर्शक झिलई (काचेसारखा थर), मग भट्टी. चित्र झिलईखाली असल्याने भट्टीत कोबाल्टचा निळा पसरतो, काळी रेघ मात्र बरीच जागेवर राहते. निळ्याच्या कडा फुटलेल्या दिसल्या, तर तो काळाचा परिणाम समजू नका. सोनेरी झाक असलेल्या फरशांचं तंत्र वेगळं: भाजलेल्या झिलईवर चांदी-तांब्याची संयुगं लावून, धूर कोंडलेल्या मंद भट्टीत त्या पुन्हा भाजत.

मदरशाचा घुमट मात्र रंगवलेला नाही; एकरंगी फरशांचे तुकडे कापून जोडलाय. छोटी दुर्बीण न्या, खालून सांधे दिसत नाहीत. काचेमागच्या फरशांचे फोटो तिरके घ्या, समोरून घेतल्यास दिवे उमटतात. जवळच्या इंजे मिनारे मदरशात दगडी कोरीवकाम आहे, तासभर पुरे.

दुसऱ्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन बेयशेहिर गाठा, अंतर सुमारे ९० किमी. तिथल्या एश्रेफोग्लू मशिदीचे लाकडी खांब आणि फरशांचा मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) चुकवू नका. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. पुढे कुबादाबादला बसच्या भरवशावर जाऊ नका. तिथे सावली नाही, पाणी सोबत हवं. उन्हाळ्यात उत्खनन सुरू असलं की काही भाग बंद असू शकतो, म्हणून निघण्याआधी कोन्याच्या संग्रहालयात चौकशी करा.