तुम्ही विचारलंत म्हणून: फोनला लॉक का नाही?

पुण्याची नणंद येते तेव्हा हमखास विचारते, "वैनी, तुझ्या फोनला लॉक का नाही गं?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आमच्या लहानपणी बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत फोन एकच, समोरच्या काकूंच्या सोप्यात. आमच्या घरच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा त्यांचाच नंबर, पुढे 'पी.पी.', म्हणजे शेजारचा फोन, असं छापलेलं. फोन आला की काकू दारातून हाळी द्यायच्या, "फोन आलाय गेऽऽ, मुंबईचा!" कुणाला, कुठून, सगळं आमच्याआधी गल्लीला कळायचं. तरी बाबा बोलायला लागले की काकू टीव्हीचा आवाज मोठा करून, पडदा ओढून आत जायच्या. ताईचं लग्न ठरलं, होणाऱ्या दाजींचे फोन यायला लागले, तेव्हा मात्र टीव्ही बंद. आणि काकूंना नेमके सोप्यात बसूनच तांदूळ निवडायचे असायचे.

तेव्हाची प्रायव्हसी ही अशी, माणूस बघून मिळायची.

भाषेआड लपावं म्हटलं तर पुण्यातल्या बसमध्ये आम्ही नवरा-बायको खुशाल कन्नडात बोलतो. बेळगावच्या बसमध्ये ती सोय नाही. मराठी बोला नाहीतर कन्नड, मागच्या सीटवरची आज्जी मधेच सल्ला देते.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. दाद मागणारे के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती, म्हणजे आमच्याच राज्यातले. (सीमाप्रश्नावाल्यांनी इथे अडू नये.) पण आमची आत्या कन्नड घडाघडा बोलते, वाचता येत नाही, शाळा मराठी. बँकेचा मेसेज इंग्रजीत नाहीतर कन्नडात. मग फोन घेऊन शेजारच्या पोराकडे जाते, "बघ की रे बाळा, काय आलंय." हा ओटीपी कुणालाही सांगू नका, हे तिला तोच वाचून दाखवतो.

माझा फोन घरभर फिरतो. सासूबाई त्यावर भजनं लावतात, जाऊबाई ब्लाउजचे गळे बघतात. लॉक घातलं तर सगळ्यांना आकडे सांगायचे, आणि नाही सांगितले तर "एवढं काय लपवायचंय?" म्हणून जेवताना विषय.

मुलीनं मात्र फोन हातात आला त्याच दिवशी लॉक घातलं. सासूबाई चार दिवस धुमसत होत्या. परवा तिला फोन आला, ती खिडकीकडे तोंड करून बारीक आवाजात बोलायला लागली. सासूबाईंनी भजन थांबवलं. मी उठले, मिक्सर लावला. वाटायला काही नव्हतं, कालच्या चटणीलाच अजून एक फेरा दिला.