तट शाबूत, बुरूज फितूर

एज ऑफ एम्पायर्स हा कॉम्प्युटरवरचा खेळ सुरू होतो तेव्हा हातात २०० अन्न, २०० लाकूड आणि १५० दगड असतात. सोनं शून्य. या १५० दगडांचं समोरचा काय करतो, त्यावरून मला कळतं की हा बॅबिलोन ही संस्कृती घेऊन खेळलेला आहे की नाही. टेहळणीच्या एका बुरुजाला १५० दगड लागतात आणि लहान भिंतीच्या एका तुकड्याला ५. म्हणजे एक बुरूज, नाहीतर तटाचे तीस तुकडे. नवखा बुरूज बांधतो, कारण बुरूज बाण मारतो आणि भिंत नुसती उभी राहते. मी आजवर पहिला दगड नेहमी भिंतीतच घातलाय.

१९९७ चा, पहिला एज ऑफ एम्पायर्स. दुसऱ्या भागाचं कौतुक सगळे करतात आणि ते खरंही आहे, पण माझा जीव पहिल्यात अडकलाय.

आम्ही साताऱ्याचे. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. २००३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानेच मला पहिल्यांदा कॅफेत नेलं. चार कॉम्प्युटर, चारही एकमेकांना जोडलेले, तासाला पंधरा रुपये. मुलगी आलीये म्हणून बाकीची पोरं जरा अवघडली होती, पण दादाने खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, "तू कुठलीही घे, मी इजिप्त घेणारे." मी संस्कृतींची यादी वाचत गेले. कुणाचे घोडे चांगले, कुणाची जहाजं. एका नावापुढे भिंती आणि बुरुजांची ताकद, म्हणजे मार सोसण्याची क्षमता, दुप्पट असं लिहिलं होतं. दगडही लवकर फुटतो आणि पुजारी लवकर ताजेतवाने होतात. मी बॅबिलोन घेतलं.

यात आश्चर्य काहीच नव्हतं. दिवाळीत आमच्या वाड्याच्या अंगणात किल्ला मीच करायचे. पोरांना मावळे मांडायची घाई असायची. मला मात्र गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर नीट बसवायचं, मग ओल्या मातीचा तट ओढायचा, त्यावर अळीव पेरायचं, आणि महादरवाजा समोरून दिसणार नाही असा दोन बुरुजांच्या मधे दडवायचा, हे सगळं हवं असायचं. रायगडाचा महादरवाजा तसाच आहे, गोमुखी. एका बुरुजाला वळसा घातल्याशिवाय दार दिसत नाही, आणि वळसा घालेपर्यंत तुम्ही दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात आलेले असता.

त्या जुन्या खेळात तटाला दरवाजाच नाही. भिंत पूर्ण केली की आपली माणसंही आत कोंडली. बाहेरचं लाकूड, बाहेरचं सोनं सगळं तुटलं. म्हणून एक तुकड्याची फट ठेवावी लागते. बहुतेक जण त्या फटीत तीस लाकडाचं घर बांधून ती बुजवतात आणि बाहेर जायचं झालं की डिलीट दाबून घर पाडतात. मीही सुरुवातीला तेच करायचे. पण तिसऱ्या-चौथ्या डावात मला दिवाळीचा किल्ला आठवला. मी भिंतीची दोन टोकं एकमेकांसमोर न आणता एकामागे एक सरकवली, नकाशावरच्या पाच-सहा चौकोनांएवढी लांब बोळ तयार केली, आणि बोळीच्या आतल्या तोंडाशी बुरूज ठेवला. घर पाडायची भानगडच संपली. माझे व्हिलेजर, म्हणजे कामकरी माणसं, त्या बोळीतून ये-जा करायचे, आणि शत्रूला यायचं असेल तर त्यालाही तिथूनच यायला लागायचं, एकेकट्याने. दादाने पहिल्यांदा ती बोळ पाहिली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे गोमुख केलंयस तू." त्या दिवशी घरी जाताना मी चालत नव्हते, तरंगत होते.

तट कुठून कुठे न्यायचा, यात खरं डोकं लागतं. नकाशावरचं जंगल ही फुकटची भिंत आहे, तिला एक दगडही लागत नाही. नदीकाठ तसाच. मी आधी व्हिलेजर पाठवून सगळा परिसर बघून घेते, दोन जंगलांच्या मधली खिंड शोधते आणि फक्त तेवढीच बुजवते. तीस तुकडे कमी वाटतात, पण खिंड नीट निवडली तर त्यातूनही सात-आठ उरतात. जंगलाच्या भिंतीत एकच धोका. आपलेच लाकूडतोडे तोडत तोडत आरपार जातात आणि आपल्याच हाताने वाट करून देतात. दोनदा माझ्याकडून झालंय हे. तेव्हापासून त्या बाजूला मी लाकूड तोडूच देत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. लोक म्हणतात बॅबिलोन म्हणजे बचावाची संस्कृती, भिंतीआड बसून राहायचं. मला हे अजिबात पटत नाही. भिंतीआड बसून राहिलं तर वेढा पडतो, आणि वेढ्यात शेवटी रसद संपते. या खेळात ते अक्षरशः होतं. सोन्याच्या खाणी नकाशावर विखुरलेल्या असतात, आतली संपली की संपली. शिवाय खेळातल्या ब्राँझ युगात दगडफेकीची यंत्रं येतात आणि ती बुरुजाचा बाण पोचतो त्याच्या कितीतरी पलीकडून मारा करतात. दुप्पट ताकदीचा बुरूज दुप्पट वेळात पडतो, इतकंच. तटाने जिंकता येत नाही. तटाने वेळ मिळतो, आणि तो वेळ पुजाऱ्यांना द्यायचा असतो.

पुजारी महाग आहे. १२५ सोनं, ताकद फक्त २५, आणि चालतो संथ. पण तो हात वर करून मंत्रासारखं ते 'वोलोलो' सुरू करतो आणि थोड्या वेळात समोरचं यंत्र दादाच्या निळ्याचं माझ्या लाल रंगाचं होतं. दादाने १८० लाकूड आणि ८० सोनं घालून बनवलेलं, सगळा नकाशा ओलांडून माझ्या तटापर्यंत ढकलत आणलेलं यंत्र माझं होतं. याला आम्ही दोघं फितवणं म्हणायचो. एकदा फितवून झालं की पुजारी थकतो, त्याचा आकडा शून्यावर येतो आणि हळूहळू शंभराकडे चढतो. तो आकडा चढताना बघत बसणं हे बॅबिलोन खेळण्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम. इतरांपेक्षा आपला आकडा लवकर चढतो. भिंतीमागे चार पुजारी असले, आणि ते पाळीपाळीने वापरले, तर तटाबाहेर उभं राहिलेलं प्रत्येक यंत्र आपल्या पदरात पडू शकतं. दगडाने तट, तटाने वेळ, वेळाने पुजारी. यादीतल्या त्या तीन ओळी सुट्या नाहीतच. हे मला कळायला एक अख्खी सुट्टी लागली.

आणि मग दादाला इजिप्त कळलं.

२००५ ची गोष्ट. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं, कॅफेवाले काका सकाळी सात ते दहा एवढंच बसू द्यायचे. त्या दिवशी माझा तट आजवरचा सगळ्यात देखणा झाला होता. पश्चिमेला जंगल, दक्षिणेला नदी, उत्तरेला दुहेरी भिंत, पूर्वेला गोमुख आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बुरूज. दादाची यंत्रं आली, दोन फितवली, एक पाडलं. मी निर्धास्त होते. मग पूर्वेकडून त्याचे तीन पुजारी आले आणि लांबच थांबले. माझ्या बुरुजाचा बाण तिथपर्यंत पोचेना. इजिप्तच्या पुजाऱ्यांचा पल्ला मुळातच इतरांपेक्षा तीन चौकोन जास्त असतो हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. शिवाय लोहयुगात मोनोथीइझम नावाचं संशोधन घेतलं की पुजारी माणसांबरोबर इमारतीही फितवतो. तेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र कधी ठेवल्या नव्हत्या.

वोलोलो ऐकू आलं. माझा गोमुखाच्या उजवीकडचा बुरूज निळा झाला.

तो बुरूज मी आत, माझ्या शेतांना लागून बांधला होता. पुढच्या क्षणी त्याने माझ्याच शेतकऱ्यांवर बाण मारायला सुरुवात केली. भिंतीचा एक तुकडाही पडला नव्हता. मी तट दुरुस्त करायला सहा व्हिलेजर ठेवले होते, त्यांना करायला काही कामच नव्हतं. ते उभ्या उभ्या मेले. मग डावीकडचा बुरूजही गेला. दादा शेजारच्या खुर्चीवरून एकदाही हसला नाही, तो इतका गुंतला होता. मी रडले, खरंच रडले, सतरा वर्षांची असून. आजीने रात्री विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, "बुरूज फितूर झाला." ती म्हणाली, "मग तट काय करणार?" आणि पोळ्या लाटत राहिली.

त्यावर उत्तर मिळायला आठवडा गेला. उत्तर आहे रथ. बॅबिलोनकडे रथ आहेत आणि रथ सहजासहजी फितत नाहीत. त्यांना सोनंही लागत नाही, ४० लाकूड आणि ६० अन्न. पाच रथ तटाच्या आत न ठेवता बाहेर, जंगलाच्या कडेला दडवायचे. शत्रूचे पुजारी येऊन थांबले, हात वर झाले, की पाठीमागून जायचं. २५ ताकदीचा पुजारी रथापुढे टिकत नाही. ज्याला निव्वळ बचावाची संस्कृती म्हणतात तिचा खरा बचाव तटाच्या बाहेर उभा असतो, हे मी तेव्हा शिकले. त्यानंतर दादाने माझा एकही बुरूज नेलेला नाही.

पुढे मी नोकरीला मुंबईत आले. २०१४ च्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियममधून आणलेला पर्शियाचा राजा सायरस याचा लेख मांडला होता. रविवारी सकाळी एकटीच गेले. काचेच्या पेटीत भाजलेल्या मातीचा एक गोळा, मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळता. लांबीला जेमतेम साडेबावीस सेंटीमीटर, आमच्या घरच्या वरवंट्याएवढाही नाही. त्यावर मुंगीसारखी बारीक कीलाकार अक्षरं, काही ठिकाणी टवके उडालेले. १८७९ मध्ये बॅबिलोनच्या उत्खननात सापडलेला. आणि त्यात लिहिलंय की मार्दुक देवाने सायरसला लढाईशिवाय बॅबिलोनमध्ये आणलं.

मी ते शेजारच्या फलकावर तीनदा वाचलं. बॅबिलोनचा राजा नेबुखद्नेझर याने पुरा केलेला तो दुहेरी तट. इम्गुर-एन्लिल आणि निमित्ती-एन्लिल, तटांनासुद्धा नावं होती. इ.स.पू. ५३९ मध्ये तो शाबूत होता. लढाई झाली ती वर तैग्रिसकाठी ओपिसला. त्यानंतर सिप्पर न लढता गेलं आणि दोन दिवसांनी बॅबिलोन. राजा नबोनिडस मार्दुकाची उपेक्षा करतो, म्हणून देवच त्याच्यावर कोपला, असं हा लेख सांगतो. लेख जिंकणाऱ्याचा आहे, तेव्हा तो तसं सांगणारच. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसची गोष्ट निराळी. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पर्शियन सैन्याने युफ्रेटिसचं पाणी दुसरीकडे वळवलं आणि उतरलेल्या पात्रातून ते आत शिरलं. कुठलीही गोष्ट धरा, तट कुणी फोडला नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो निळा बुरूज आला. पेटीसमोर मागच्या माणसांनी पुढे सरकायला सांगेपर्यंत उभी होते.

त्यानंतर बॅबिलोनबद्दल मी मिळेल ते वाचत गेले, आणि एक गोष्ट मनात घर करून बसली. खेळात आपल्याला दगड लवकर मिळतो, पण खऱ्या बॅबिलोनकडे दगड जवळजवळ नव्हताच. नद्यांच्या गाळाचं सपाट मैदान ते. तट विटांचा, आतून कच्च्या, बाहेरून भाजलेल्या, आणि सांध्यात जमिनीतून वर येणारं डांबर. नेबुखद्नेझरच्या विटांवर त्याचं नाव छापलेलं असे. कोल्डेवाय या जर्मन संशोधकाने १८९९ पासून १९१७ पर्यंत तिथे खणलं, ते मातीतून मातीच्या भिंती वेगळ्या काढत. मला हे वाचून फार जवळचं वाटलं. आपल्याकडचे गड काळ्या कातळातले, पण आम्ही पोरं दिवाळीत जो करतो तो चिखलाचा. बॅबिलोनच्या तटाशी नातं आहे ते अंगणातल्या त्या किल्ल्याचं.

आता दादा पुण्यात असतो, मी ठाण्यात. २०१८ मध्ये या खेळाची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, आली, तिच्यात जुन्यासारखा खेळायला क्लासिक मोड आहे, तोच आम्ही लावतो. महिन्यातून एका शनिवारी, मुलं झोपली की. तो अजून कानाला हेडफोन लावून "तू कुठली घेणार" असं विचारतो, माझं उत्तर माहीत असूनही.

या शनिवारी तो हिटाइट घेणार आहे. त्यांच्या कॅटापल्टची, म्हणजे दगडफेकीच्या यंत्रांची, ताकद इतरांपेक्षा जास्त असते, माझे बाण त्यांना पुरे पडणार नाहीत. पण पुजाऱ्याला त्या ताकदीशी काही देणंघेणं नाही. फितलं की त्या ताकदीसकट माझं. पुजारी सहा करायचे, रथ पाचच. गोमुखाची जागा नकाशा दिसला की ठरवेन, फक्त नदीकडची बाजू या वेळी मोकळी सोडणार नाही.