सायझिंग डायमधला चरा: पोलादाचा की पितळाचा?

.३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची फुल-लेंथ सायझिंग डाय, म्हणजे झाडलेली पितळी पुंगळी पूर्ण लांबीत दाबून पुन्हा मापात आणणारा पोलादी साचा, कामाला आली तीच ‘बाद करा’ अशा शेऱ्यासह. तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक पुंगळीवर तळापासून खांद्यापर्यंत (पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथपर्यंत) उभा चरा, नख अडकेल इतका खोल. पण कठीण केलेल्या पोलादाला नुसतं पितळ ओरबाडू शकत नाही. म्हणून पॉलिश पेपरला हात लावण्याआधी चरा पाडतंय कोण ते पाहिलं.

पुंगळीच्या समोरच्या बाजूला मार्करने खूण करून ती डायमध्ये दाबली. चरा खुणेच्या उजवीकडे आला, पुढच्या पुंगळीवरही तिथेच. मग डायला प्रेसवर घट्ट धरणारी लॉक रिंग सैल करून डाय अर्धा फेरा वर घेतली, तर चरा बरोबर पलीकडे गेला. म्हणजे पुंगळी वर ढकलणारा रॅम आणि तिला धरणारा शेल होल्डर संशयातून सुटले, दोष डायच्या भिंतीत. (इंचाला १४ आटे असल्याने अर्ध्या फेऱ्यात डाय सुमारे ०.९ मिमी सरकते. चाचणीला त्याने बाधा येत नाही, पण नंतर खांद्याचं माप पुन्हा जुळवावंच लागतं.)

डिकॅपिंग रॉड (पुंगळीतला वापरलेला प्रायमर बाहेर ढकलणारी दांडी) काढून आतलं जुनं वंगण मिनरल स्पिरिटने धुतलं. टॉर्चच्या उजेडात भिंतीवर बारीक सोनेरी रेघ दिसली, कापसाचे तंतू तिथेच अडकत होते. मग अमोनियायुक्त कॉपर सॉल्व्हंटचा बोळा लाकडी काडीवर घेऊन दहा मिनिटं आत ठेवला. बोळा धरणारं पितळी टोक (जॅग) इथे चालत नाही, कारण तेच विरघळून बोळा निळा करतो आणि निदान फसतं. आपला बोळा गडद निळा निघाला. डायला चरा नव्हता, तिच्या पोलादाला पितळ चिकटलं होतं आणि त्या उंचवट्याने प्रत्येक पुंगळी ओरबाडली जात होती.

बोळा पांढरा निघेपर्यंत हेच पुन्हापुन्हा केलं. खिडक्या उघड्या हव्यात, आणि शेवटी अमोनियाचा अंशही आत राहू देऊ नये. ताण असलेल्या पितळाला अमोनिया तडे पाडतो. ब्रिटिश फौजेची पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं याच कारणाने तडकत, आणि त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला.

पॉलिश आता नावापुरतंच उरलं. लाकडी दांड्याच्या टोकाला चीर पाडून सुती पट्टी गुंडाळली, तिला मेटल पॉलिश लावलं, ड्रिल सर्वांत कमी वेगावर ठेवलं आणि दांडा सतत मागेपुढे हलवत राहिलो. एका जागी थांबलं की तिथे खोलगट भाग पडतो. मानेच्या भागाला पट्टी लागू द्यायची नाही, नाहीतर गोळीवरची पकड बदलते. १००० ग्रिटच्या खालचा, म्हणजे त्याहून खरखरीत पेपर डायमध्ये घालूच नये, असं माझं ठाम मत आहे. भिंतीवरून ०.०१ मिमी गेलं की व्यास ०.०२ मिमीने वाढतो, आणि गेलेलं पोलाद परत आणता येत नाही. कार्बाइड डायला तर हा पेपर लागतच नाही, तिथे हिऱ्याची पेस्ट हवी.

पॉलिशचा कणही आत राहिला तर तो पुढच्या पुंगळीत रुततो आणि रडगाणं पुन्हा सुरू होतं. म्हणून दोनदा धुऊन, कोरड्या बोळ्याने पुसून मगच डाय प्रेसवर चढवली. एकाच लॉटच्या पुंगळ्या आधी आणि नंतर तळाजवळ मोजल्या: दोन्ही वेळा ११.९० मिमी. चरा नाही.

मूळ कारण पुंगळ्यांच्या डब्यात सापडलं. जमिनीवरून उचललेल्या, न धुतलेल्या पुंगळ्यांवर भिंगाखाली वाळूचे कण रुतलेले दिसले. त्यात लॅनोलिन वंगणाचा स्प्रे मारल्या मारल्या त्या दाबल्या जात होत्या. स्प्रेमधलं अल्कोहोल उडून जायला काही मिनिटं द्यावी लागतात, तोवर वंगणाचा थर बसत नाही आणि पितळ थेट पोलादावर घासतं. डाय परत पाठवताना आत तेलाचा पातळ हात दिला आणि सोबत सूचना लिहिली: वापरण्याआधी हे तेल पुसा, व्हेंटचं (हवा बाहेर जाण्याचं) भोक मोकळं ठेवा. तिथे वंगण तुंबलं की खांद्यावर खळगे पडतात.