चौदावी काच: प्रवाह अखेर वाढला

काचेवर पॉलिमरचा पातळ थर देऊन सेंद्रिय सौर घट बनवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. आधीच्या तेरा काचांचे रडगाणे असे: व्होल्टेज ०.५५ व्होल्टपर्यंत व्यवस्थित यायचा, पण भर दुपारच्या उन्हातही प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला दीड मिलिअँपिअरपुढे सरकत नसे. रविवारी चौदाव्या काचेने ४.१ दाखवले आणि मी मल्टिमीटरच्या पिना तीनदा काढून पुन्हा लावून पाहिल्या.

इतके दिवस मी गॅलियम-इंडियमच्या थेंबाला (वरच्या द्रवधातूच्या जोडणीला) आणि पेडॉटच्या थराला (विद्युतवाहक पॉलिमरला) दोष देत होतो. नेहमीच्या सिलिकॉन घटांवर हात बसल्यामुळे ही चूक झाली. सिलिकॉनमध्ये प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनमागे उरलेल्या धन जागा) खोलीच्या उष्णतेनेच एकमेकांपासून मोकळे होतात, म्हणून शे-दीडशे मायक्रॉन जाडीची चकतीही चालते. माझ्या थरातल्या पी-थ्री-एचटी या प्रकाश शोषणाऱ्या पॉलिमरचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (प्रभारांमधली ओढ सौम्य करण्याची क्षमता) मात्र जेमतेम ३ ते ४ असल्याने ही जोडी एक्सायटॉन म्हणून बांधलेलीच राहते आणि सुमारे १० नॅनोमीटरच्या आत पीसीबीएम (इलेक्ट्रॉन ओढून घेणारा, थरातला दुसरा पदार्थ) भेटले नाही, तर विझून जाते. थर १०० नॅनोमीटरचा आणि धाव १० ची! १९८६ साली संशोधक टँग यांचा दोन थरांचा सेंद्रिय घट सुमारे १ टक्का कार्यक्षमतेवर थांबला आणि पुढे दोन्ही पदार्थ एकाच थरात मिसळण्याचा मार्ग आला, तो याच अडचणीमुळे. पण नुसते मिसळून भागत नाही. सुटलेल्या प्रभारांना बाहेर पडायला दोन्ही पदार्थांच्या सलग वाटा लागतात, आणि माझा थर इतक्या झटपट वाळत होता की पॉलिमरच्या साखळ्यांना रचून बसायला सवडच मिळत नव्हती.

या वेळी डायक्लोरोबेंझीन या द्रावकातला थर ओला असतानाच स्पिन कोटर (काच गरगर फिरवून थर पसरवणारे यंत्र) थांबवला आणि धूरकपाटातच काचेवर पेट्री डिश पालथी घातली. वीस मिनिटांत नारिंगी रंग कडेकडून आत जांभळा होत गेला. तो क्षण फार सुंदर होता. नंतर ११० अंशांवर दहा मिनिटे तापवले.

रेजिओरेग्युलॅरिटीचा (साखळीतले दुवे किती एकसारख्या दिशेने जोडलेले आहेत याचा) आकडा न देणाऱ्या पुरवठादाराकडून पी-थ्री-एचटी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या सहा काचा तशाच मालाच्या होत्या आणि कितीही तापवले तरी नारिंगीच राहिल्या.

सोमवारी सकाळी मात्र प्रवाह २.३ वर उतरलेला होता. पेडॉट हवेतला ओलावा शोषतो आणि काच उघडीच होती, त्यामुळे पुढच्या रविवारी इपॉक्सीने वर काच चिकटवायची, असे ठरवले होते. पण हे लिहितानाच सुचले की साखळ्या नीट रचल्या गेल्या की ६०० नॅनोमीटरजवळच्या, म्हणजे नारिंगी, प्रकाशाचे शोषण वाढते. तेव्हा आधी पेट्री डिशचे झाकण ५, २० आणि ४० मिनिटे ठेवून तीन काचा करीन, प्रत्येकीवर नारिंगी एलईडी टाकून प्रवाह मोजीन, आणि त्यांतली सर्वांत चांगली निघेल तीच सीलबंद करीन.