पार्ल्याच्या बाईंची केसांची वही

सलूनमध्ये कलरच्या खुर्चीत बसलेलं माणूस खोटं बोलणार हे धरूनच आम्ही कामाला लागतो. "आधी काय लावलंय केसांना?" "काहीच नाही." पाच मिनिटांनी, "म्हणजे मेंदी लावते, पण ती काय नॅचरलच असते ना." अजून थोड्या वेळाने बहिणीच्या लग्नात घरी केलेलं बर्गंडी निघतं, त्याच्याखाली मुंजीच्या वेळचं काळं. रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत, आधीचा काढावा लागतो, हे अर्ध्या मुंबईला अजून माहीत नाही. पाकिटावरची बाई ब्राऊन दिसते म्हणजे आपण पण होणार. मग झालं नाही की आमच्याकडे, आणि तेही साखरपुड्याच्या आदल्या दिवशी.

तर परवा एक बाई आल्या, त्यांच्यामुळे हे सगळं डोक्यात उलटसुलट चाललंय, म्हणून लिहितेय.

गुरुवार होता, आमचा निवांत वार, पार्ल्यात निम्म्या बायका गुरुवारी केसांना कात्री लावत नाहीत. बाई साठीच्या पुढच्या, डोक्याला स्कार्फ, हातात छत्री आणि शाळेची दोनशे पानी वही. निवृत्त शिक्षिका, विज्ञान शिकवायच्या, मराठी माध्यमात. सलूनचा नियम आहे मॅम म्हणायचं, मी दोन वाक्यांत बाई म्हणायला लागले, त्या पहिल्यापासून अगंतुगं.

स्कार्फ काढला. मुळाशी साधारण पाच सेंटिमीटर पांढरे स्वच्छ केस, मधेमधे काळे. त्याच्या खाली भयंकर. नारिंगी, मग हिरवट काळपट, मग कुठे गंजलेल्या पत्र्याचा रंग, आणि मागच्या बाजूला हात फिरवला तर केस बोटांत यायला लागले. ओला केस हळूच ताणला तर थोडा लांबून परत जागेवर यायला हवा. हा लांबत गेला आणि तुटला.

"बाई, काय लावलंय?" मी सवयीने विचारलं. त्यांनी वही उघडून पुढे केली.

इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. तारीखवार. कुठल्या दिवशी काय लावलं, किती वेळ ठेवलं, किती ग्रॅम, पाकिटाचा घटकांचा भाग कात्रीने कापून शेजारी फेव्हिकॉलने चिकटवलेला. शेवटची नोंद आठवड्यापूर्वीची, घरी केलेल्या ब्लीचची. "१०.४० मागून सुरुवात, मुळे सोडून. १०.५२ वाटीतले मिश्रण थंड, केस गरम. १०.५५ चटका बसतो, वाफ, वास. धुतले." बाईंना जांभळे केस हवे होते. निवृत्तीनंतर कधीतरी करायचे ठरवलेलं, ते आता. नातीने व्हिडिओ पाठवले, ऑनलाइन ब्लीच पावडर आणि ३० व्हॉल्यूमचा डेव्हलपर मागवला, म्हणजे ९ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि व्हिडिओत सांगितल्याबरहुकूम सगळं केलं.

त्या व्हिडिओतल्या मुली सगळ्या विशीतल्या, काळ्याभोर केसांच्या. काळ्यावर जांभळा दिसत नाही, म्हणून आधी ब्लीच करून केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा आणावा लागतो, मग रंग. बाईंचे मूळचे केस पाऊण पांढरे. पांढऱ्या केसात काढायला रंगच नसतो! चार महिन्यांपूर्वी त्यांनी काळं करणं थांबवलं होतं, म्हणजे जांभळ्यासाठी लागणारा कॅनव्हास मुळाशी फुकट उगवत होता. हे सांगणारा व्हिडिओ कोण काढणार, साठीच्या बायकांचे केस बघायला व्ह्यूज मिळत नाहीत.

मुळं सोडायची हे मात्र व्हिडिओवालीने बरोबर सांगितलं होतं. टाळूच्या उबेने मुळं लवकर उजळतात म्हणून ती शेवटी करायची असतात. बाईंनी ऐकलं म्हणून टाळू वाचली.

माझं लक्ष त्या १०.५२ वर अडकलं. मिश्रण थंड, केस गरम. ब्लीच लावलेली बट फॉइलमध्ये गुंडाळली की थोडी उबदार होते, पण चटका नाही आणि वाफ तर नाहीच. आमचे सर आले (सीनियर स्टायलिस्ट, नाव नको), त्यांनी दोन बोटांनी बट उचलली आणि म्हणाले, "ब्लीच में गरम होता ही है, आंटी ने टाइट बांधा होगा, या पानी का प्रॉब्लेम. करेक्शन कर लो, हल्का बीस व्हॉल्यूम से." करेक्शनचं, म्हणजे बिघडलेला रंग दुरुस्त करायचं, बिल पाच आकडी होतं हे इथे नमूद करते. कलरमध्ये सरांचं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

मी म्हटलं आधी टेस्ट. केसात धातूचे क्षार असले की पेरॉक्साइड लागताच भडका उडतो, कोर्समध्ये सगळ्यांना शिकवतात आणि सलूनमध्ये कुणी करत नाही कारण अर्धा तास खुर्ची अडते. ३० मिली २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, त्यात २० थेंब लिकर अमोनिया, त्यात कापलेली बट बुडवून अर्धा तास ठेवायची. काचेची वाटी, स्टीलची चालत नाही. शिसं असेल तर रंग झटकन उतरतो, तांबं असेल तर उकळल्यासारखं होतं आणि केस ओढला की तुटतो, चांदी असेल तर अर्धा तास ढिम्म, आणि तेच लक्षण.

मी एक वाटी घेतली. बाई म्हणाल्या, "एकच? बट अख्खी टाकलीस तर कुठल्या भागाने काय केलं कसं कळणार?" खरं होतं ते. बट तीन तुकड्यांत कापली, मुळाकडचा, मधला, टोकाचा. तीन वाट्या. "आणि बिनकेसाची?" चौथी पॅन्ट्रीतून आणली, साखरेची होती ती रिकामी करून. बाईंनी थर्मामीटर मागितला, नाही म्हटल्यावर "मग बोट" म्हणून प्रत्येक वाटीला बाहेरून बोटाची मागची बाजू लावून बघत बसल्या, घड्याळ काढून वहीत लिहीत. रिसेप्शनवरची पोरगी पण येऊन उभी राहिली. एवढा आनंद मला कुठल्याच बलायाजने (हाताने रंगवलेल्या हायलाइट्सने) दिलेला नाही, खरं सांगते.

बिनकेसाची वाटी जशीच्या तशी. मुळाकडची पण शांत, काळे केस हळूहळू तांबूस झाले तेवढंच. मधली मात्र चौथ्या मिनिटाला फसफसायला लागली, केसाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ, मग वाटी कोमट, मग चांगली गरम. ग्लोव्ह घालून बट ओढली तर चिकट धाग्यासारखी लांबली आणि तुटली. टोकाच्या वाटीत तुरळक बुडबुडे.

"पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतंय," बाई म्हणाल्या. "शाळेत आम्ही चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकायचो, हाच प्रयोग. केसात काहीतरी धातू बसलाय तो हे घाईने घडवतोय. म्हणून मिश्रण थंड आणि केस गरम." आणि सरांकडे वळून, "पाणी खराब असतं तर मुळाकडच्या वाटीनेही दाखवलं असतं ना? ते केस पण त्याच पाण्याने धुते मी." सर फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. पाण्याचा त्रास टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टॉवरमध्ये होतो खरा. बाईंच्या जुन्या सोसायटीत महापालिकेचं, तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी, ते मऊ असतं. बोअर फक्त फ्लशला.

मग खरी मजा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. मुळाशी पाच सेंटिमीटर, म्हणजे चार महिने, वहीतला शेवटचा डाय मार्चमध्ये, बरोबर जुळलं. खराब पट्टा पाचपासून सतरापर्यंत, म्हणजे चार ते चौदा महिन्यांमागे, गेल्या वर्षीचा मे. बाईंनी पानं मागे उलटली. मे महिन्यात त्यांनी नेहमीचा बॉक्सवाला काळा डाय सोडून एक "हर्बल" पावडर सुरू केली होती, प्रदर्शनातल्या स्टॉलवरून, ओळखीच्या बाईकडून. लेबल चिकटवलेलं होतं, मेंदी, नीळ, आवळा, भृंगराज, शिकेकाई, केमिकल-फ्री. खाली बाईंचा शेरा, "अर्ध्या तासात काळे. उत्तम." मुळांना लावून शेवटची पाच मिनिटं टोकापर्यंत खेचायच्या, म्हणून टोकाच्या वाटीत थोडेच बुडबुडे.

अर्ध्या तासात काळे, इथेच मेख आहे. नुसती मेंदी केस लालसर नारिंगी करते, काळं करू शकत नाही. नीळ मेंदीनंतर वेगळी लावावी लागते, तिला वेळ लागतो आणि रंग पुढच्या एकदोन दिवसांत गडद होतो. पाण्यात कालवलेली एकच पावडर अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करत असेल तर त्यात झाडपाल्याशिवाय काहीतरी आहेच. बाजारातल्या कित्येक काळ्या मेंद्यांत पीपीडी असतं, म्हणजे बॉक्सच्या डायमध्ये असतं तेच काळं करणारं रसायन, आणि ते खुलवायला बेरियम पेरॉक्साइड. बरी कंपनी बारीक अक्षरात का होईना छापते. ह्या लेबलावर फक्त आयुर्वेद. धातू कुठून आला ते त्या पावडरीलाच माहीत.

"मी विचारलं होतं तिला," बाई म्हणाल्या. "दोनदा विचारलं होतं."

ब्लीच अर्थातच रद्द. पट्टा काढायला केमिस्ट्री नाही, कात्री. बाईंनी फक्त "किती उरतील?" विचारलं आणि मान डोलावली. कापायला सरांनाच बोलावलं, कारण कापण्यात त्यांचा हात धरणारा माझ्या बघण्यात नाही. पाच सेंटिमीटरमध्ये त्यांनी मानेवर आणि कानामागे जो आकार काढला तो बघून बाई स्वतःच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. सर पण खूश, पाण्याचा विषय काढला नाही कुणी.

रंग त्या दिवशी नाही केला. डायरेक्ट डाय होता, त्यात पेरॉक्साइड लागत नाही, रंगाचे कण आधीच रंगीत असतात, केसाच्या बाहेरच्या थरात बसतात आणि धुण्याधुण्याला उतरतात. तरी कानामागे थेंब लावून ४८ तास थांबायला सांगितलं, कारण इतकी वर्षं पीपीडी लावलेल्या माणसाची कातडी कधी रुसेल नेम नाही. सरांच्या मते हे पण लाड. शनिवारी आल्या, वहीत "पुरळ नाही, खाज नाही". कानशिलाचे पांढरे केस राठ असतात, रंग पटकन घेत नाहीत, तिथे आधी लावला, मग कपाळाची रेघ, मागचे शेवटी, चाळीस मिनिटं, गार पाण्याने धुतलं. पांढऱ्यावर खणखणीत जांभळा, मधले काळे तसेच काळे, त्यामुळे छटा पडल्यासारख्या. फॉइल घालून असं करायला मला चार तास लागले असते. पहिला टॉवेल जांभळा होणार, उशीला जुना अभ्रा घाला, हे सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

आता अडकलेय ते इथे. बाई त्या स्टॉलवालीकडे गेल्या होत्या. ती घाऊक बाजारातून पाच किलोचं पोतं आणते आणि घरी पन्नास-पन्नास ग्रॅमची पाकिटं भरते, पोतं पण दाखवलं, त्यावर काही छापलेलंच नाही. लेबलावरचा मजकूर तिने कुठल्यातरी दुसऱ्या पाकिटावरून उतरवलाय. आणि म्हणाली, आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. ते खरं असणार! काळ्यावर परत काळं लावणाऱ्या बाईला काय कळणार, वरून ब्लीच टाकलं तरच हे बाहेर येतं. ती काही लबाड नाही, बाईंच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते, दिवाळीला फराळ देते. तिला पोत्यात काय आहे ते तितकंच माहीत जितकं मला माझ्या ट्रेनमधल्या शेजारणीच्या डब्यात काय आहे ते. बाईंनी तिला वाट्यांचा हिशेब समजावला. तिने पुढच्या प्रदर्शनाचा स्टॉल आधीच बुक केलाय.

आणि मला आठवतायत त्या सगळ्या, "फक्त मेंदी लावते" म्हणणाऱ्या, ज्यांच्या मागे आम्ही डिस्पेन्सरीत, म्हणजे रंग कालवायच्या खोलीत, हसलो. एक कॉलेजची मुलगी होती, तिची आई शपथेवर सांगत होती की घरची मेंदी आहे, सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं की खोटं बोलून केस सुधारत नाहीत. तिच्या पट्ट्याचा रंग अगदी बाईंच्यासारखा होता.

मालकांना सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी फॉर्म छापून आणला. कलरच्या आधी गिऱ्हाइकाने भरायचा, इंग्रजीत, "केसांवर केमिकल वापरलंय का, हो किंवा नाही", खाली सही, म्हणजे उद्या काही झालं तर आपण मोकळे. सगळ्या जणी नाहीवर टिक करून सही ठोकतात. मी आपली पाकिटाचा फोटो मागते आणि शॅम्पू करताना मानेजवळून एक बारीक बट कापून घेते. खुर्ची अर्धा तास अडते म्हणून सर कुरकुरतात, आणि पॅन्ट्रीवाली साखरेच्या वाटीवरून अजून माझ्याशी नीट बोलत नाही.